चवळी, पाला आणि संत्र्याचा रस

'व्हीगन' हा शब्द आता वस्तीतल्या मुलांच्या मोबाइलपर्यंत पोहोचला आहे. मांस, मासे, अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही, असा हा आहार. हा शब्द ऐकला की आपल्याकडे दोन शंका निघतात. एक, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दुसरी, शाकाहाराचा टेंभा मिरवून आपल्याला हिणवणाऱ्यांचंच हे नवं सोवळं आहे. दोन्ही शंका रास्त आहेत. ताटात काय शिजतं एवढ्यावरून भाड्याची खोली नाकारली गेलेली कुटुंबं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

तरीही गेले काही महिने आम्ही एका व्हीगन पुस्तकातून घरी स्वयंपाक करतो आहोत. इंग्रजी वाचणारी लेक वाचते, बाकीच्या चुलीपाशी उभ्या असतात. या पुस्तकाशी आमचं जमलं, कारण ते सोवळ्यातून आलेलं नाही.

पुस्तक कोणाचं?

पुस्तकाचं नाव 'व्हीगन सोल किचन', साल २००९. लेखक ब्रायंट टेरी हे अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात वाढलेले कृष्णवर्णीय आचारी. त्यांचे आजी-आजोबा परसात भाज्या पिकवत. शाळेत असताना 'बीफ' नावाचं एक रॅप गाणं ऐकून ते जेवणाचा वेगळा विचार करू लागले. पुढे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांना स्वयंपाक शिकवण्याचं काम सुरू केलं. त्यामागची एक प्रेरणा ब्लॅक पँथरची होती. ब्लॅक पँथरने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. उपाशी पोर वर्गात काय शिकणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते याच संघटनेवरून.

कृष्णवर्णीयांच्या जेवणाला अमेरिकेत 'सोल फूड' म्हणतात. गुलामांना मालकाकडून मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी असा शिधा मिळे. त्यात त्यांनी स्वतः लावलेल्या भाज्या आणि कडधान्यं घालून चव आणली. पुढे शहरात आल्यावर परसबाग गेली. तळण, मीठ आणि साखर राहिली. मग रक्तदाब आणि मधुमेह घरोघरी आले. टेरी सांगतात की तळलेलं म्हणजेच आपलं जेवण नव्हे. आपल्या जेवणात पाला, शेंगा आणि कंदही होते, ते परत आणा.

गाव सोडून शहराच्या वस्तीत आलेल्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ नोंदवले आहेत. ते पुस्तक व्हीगन नाही, पण आपलं खाणं लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे, हे त्याने दाखवलं. अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, झुणका, ठेचा आणि भाकरी यांत दूध-तूप कुठे असतं? व्हीगन हा शब्द येण्याआधीपासून हे आपल्या घरात आहे.

जिन्नसही परके नाहीत. चवळी मूळची आफ्रिकेतली; गुलामांच्या जहाजांबरोबर ती अमेरिकेत गेली. आपली ज्वारी, बाजरी आणि नाचणीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच भारतात आली.

पाल्याची भाजी, संत्र्याच्या रसात

टेरींच्या पुस्तकात 'कोलार्ड' नावाचा पाला आहे. तो आपल्या बाजारात मिळत नाही. पण कोलार्ड, कोबी, फुलकोबी आणि नवलकोल एकाच जातीच्या वनस्पती आहेत. म्हणून आम्ही फुलकोबीचा आणि नवलकोलचा कोवळा पाला घेतो. संध्याकाळी भाजीवाल्या मावशी तो स्वस्तात देतात, कधी फुकटही.

चार जणांसाठी: अर्धा किलो पाला, एक मोठा चमचा तेल, लसणाच्या पाच पाकळ्या, मूठभर मनुके, एका संत्र्याचा रस, चवीपुरतं मीठ.

१. पाला दोन-तीन पाण्यांत धुवा. जाड दांडे काढून पानं बारीक, लांब चिरा.
२. उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवा, गाळा आणि लगेच थंड पाण्यात टाका. रंग हिरवागार राहतो. उकळलेलं पाणी फेकू नका, डाळीत घाला.
३. तेलात लसूण परता. पिळलेला पाला, मनुके आणि मीठ घालून तीन मिनिटं हलवा.
४. शेवटी रस घाला, एकदा ढवळा आणि गॅस बंद करा.

संत्र्यांचे दिवस नसतील तर उतरवल्यावर लिंबू पिळा. मनुके परवडत नसतील तर भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट घाला. रस शेवटी घालण्यामागे कारण आहे. पालेभाजीतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही. 'क' जीवनसत्त्वाची जोड मिळाली की जास्त मिळतं, आणि जास्त शिजवलं की 'क' जीवनसत्त्व कमी होतं. हीच युक्ती माठ, चवळई आणि शेवग्याच्या पाल्यालाही लागू आहे. जेवणाला लागून चहा मात्र घेऊ नका, चहा लोह अडवतो. अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या बायका-मुलींनी एवढी एक सवय आधी बदलावी.

आंबट-गोड चवळी

पुस्तकात चवळी टोमॅटोच्या आंबट-गोड-तिखट रसात घालून ओव्हनमध्ये भाजतात. आपल्याकडे ओव्हन नाही, कढई आहे.

दोन वाट्या चवळी चार-पाच तास भिजवून कुकरमध्ये शिजवा. दोन चमचे तेलात कांदा-लसूण परता. तीन टोमॅटो, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ आणि घरचा काळा मसाला घालून रस दाट होऊ द्या. त्यात चवळी टाकून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, रस अंगाला चिकटला पाहिजे. भाकरी किंवा भाताबरोबर खा. कडधान्य आणि धान्य एकत्र आलं की प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात.

हे लक्षात ठेवा

व्हीगन असलं म्हणजे पौष्टिक असतंच असं नाही. वडा, चिप्स आणि कोल्ड्रिंकही व्हीगनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे छोट्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावं. त्यात पापड, लोणचं, फरसाणातलं मीठही मोजायचं.

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, जीभ सोलवटते. पूर्ण व्हीगन राहायचं असेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी घ्यावीच लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका व लहान मुलं यांचं अंडं, दूध किंवा मासे कोणाचं पाहून बंद करू नका.

आमच्या घरात मटण आणि सुकट बंद झालेली नाही. आठवड्यातल्या दोन रात्री या पुस्तकाच्या आहेत, एवढंच. त्या दोन रात्रींत तेल कमी लागतं, खर्च कमी होतो आणि पोरं पालेभाजी मागून खातात. कोणाचं ताट शुद्ध आणि कोणाचं अशुद्ध, हा हिशेब आम्ही करत नाही. ताटातून अंगात काय जातं, तेवढं पाहतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात १ जानेवारीला चवळी, भात आणि पालेभाजी खाण्याची रीत आहे. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला तो दिवसही १ जानेवारी, साल १८६३. त्याच तारखेला आपण भीमा कोरेगावला जातो. यंदा निघताना डब्यात आंबट-गोड चवळी कोरडी करून, भाकरीसोबत घ्या. दुपारपर्यंत टिकते, रस्त्यावरचं तळण टळतं, आणि शेजारी बसलेल्यालाही देता येते.