तणाव्याला गाठ नको, डोळा विणा


होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत तोवर एक काम उरकून घ्या. मशीन बंद पडलं तर छोट्या होडीला घरी आणणारं शीडच असतं, आणि डोलकाठी उभी राहते ती तणाव्यांवर. गेल्या हंगामात आपल्याच एका होडीचा तणावा वाऱ्यात तुटला. दोर नवा होता. तुटला तो बरोबर गाठीपाशी. माणसं सुखरूप आली, पण वल्ही मारत, अंधार पडल्यावर.

गाठीत दोर जिथे करकचून वळतो तिथे ताण थोड्याच धाग्यांवर येतो. ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही घटते. डोळा विणला, म्हणजे टोक वळवून त्याचे पेड त्याच दोरात गुंफले, तर नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद टिकते. तिपेडी दोराला हे घरी जमतं. १० मिमी दोराचे पेड फूटभर उलगडा, प्रत्येक टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या, आणि पिळाच्या उलट दिशेने एकावरून, एकाखालून काढत जा. काथ्याला जुनी माणसं तीन फेऱ्या घालायची. नायलॉन, पॉलिएस्टर गुळगुळीत, त्याला पाच तरी हव्यात. डोळ्यात थिंबल घट्ट बसवा, नाहीतर लोखंडावर घासून दोर झिजतो.

आता खरी चूक कुठे होते ते. आपण तणावा मोजून थेट काठावरच्या कडीपर्यंत कापतो. चार दिवसांत दोर ताणतो, डोलकाठी डुलायला लागते, आणि विणलेला डोळा काही सोडून परत आवळता येत नाही. म्हणून तणावा फूटभर आखूडच करा. डोळा आणि कडी यांच्यामध्ये ५-६ मिमीची पॉलिएस्टरची दोरी चार वेढे फिरवा, प्रत्येक वेढा ओढून घ्या, शेवट दोन अर्ध्या गाठींनी बांधा. सैल झालं की एवढीच दोरी सोडायची आणि आवळायची. झिजली तरी बदलायला स्वस्त. पहिल्या आठवड्यात दोनदा तरी आवळावी लागेल.

तणाव्याला पॉलिएस्टरच घ्या, तो कमी ताणतो. नायलॉन ताणतो, झटका खातो, तो नांगराला ठेवा. ती स्वस्त निळी, पाण्यावर तरंगणारी दोरी उन्हात कडक होऊन तुटते, डोलकाठीला अजिबात नको.

रविवारी सकाळी सोसायटीच्या शेडमध्ये आम्ही दोराचे तुकडे आणि लाकडी खुंट्या घेऊन बसणार आहोत. आपला जुना तणावा घेऊन या. घरच्या बायकांनीही यावं, जाळं विणणाऱ्या हातांना हे आमच्याआधी जमतं.