जिनिंगच्या ऑफिसातली एक फाइल

परभणी जिल्ह्यात मानवत-सेलूकडे कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या ऑफिसात काटापट्टी, शेतकऱ्याचं नाव, आधार, बँक खातं, सगळं कॉम्प्युटरवर चढतं. लहान ऑफिसात हा डेटाबेस म्हणजे पुष्कळदा शेअर केलेल्या फोल्डरमधली मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची एकच फाइल.

ती उघडी असताना शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘एलएसीसीडीबी’ असलेली छोटी फाइल दिसते. ती आहे तोवर बहुधा कोणीतरी आत काम करतंय. तेव्हा काढलेली कॉपी भरवशाची नाही. सगळे बाहेर पडले की ही छोटी फाइल सहसा आपोआप जाते. मग पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यावा आणि पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. लावलेलाच राहिला तर २०१७च्या वॉनाक्रायसारखा व्हायरस मूळ फाइलीबरोबर त्यालाही कुलूप घालतो. अधूनमधून बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघावा.

नोंदी पुसल्या तरी फाइल लहान होत नाही, आणि मर्यादा २ जीबीची. त्यासाठी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ आहे. आधी कॉपी काढूनच चालवा. नोंद करतानाच वीज गेली तर फाइल बिघडू शकते, म्हणून यूपीएस हवाच. परभणीकरांना हे वेगळं सांगायला नको!

पासवर्डवर मात्र फार विसंबू नका. अ‍ॅक्सेसच्या जुन्या ‘एमडीबी’ प्रकारच्या फाइलीचा पासवर्ड सहज निघतो. शिवाय काम करणाऱ्याला फोल्डरची परवानगी द्यावीच लागते, म्हणजे तो अख्खी फाइलही उचलू शकतो. तेव्हा माणसं मोजकी, लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, आणि हंगामी मुनीम गेला की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद.