मोटारघराच्या जलतापकातील क्षारपुट व त्याचे निवारण

अमेरिकेत दीर्घ प्रवासाकरिता वापरल्या जाणाऱ्या मोटारघरांत एक लहानसा जलतापक बसविलेला असतो. त्याच्या टाकीत बहुधा ६ किंवा १० गॅलन, म्हणजे सुमारे २३ किंवा ३८ लिटर पाणी मावते. स्थिर घरातील जलतापकाला एकाच उगमाचे पाणी मिळते. मोटारघराला मात्र प्रत्येक मुक्कामी निराळे. तेथील भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या वर्गीकरणानुसार, दर लिटरमागे १८० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम कार्बोनेटाइतकी दुष्फेनता असलेले पाणी अतिदुष्फेन होय. नैर्ऋत्येकडील शुष्क राज्यांत असे पाणी अनेक ठिकाणी आढळते.

अशा पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापविल्यावर विघटन पावते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. बहुतेक लवणांची विद्राव्यता उष्णतेने वाढते, याची मात्र घटते. म्हणून जेथे पृष्ठभाग सर्वांत उष्ण, तेथेच पुट प्रथम धरते. हे पुट उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे इंधन अधिक खर्ची पडते आणि विद्युत्-तापकाची कांडी पुटाखाली अतितप्त होऊन निकामी होऊ शकते.

पुट काढण्यासाठी टाकीत व्हिनेगर ओतावे, असा सर्वसाधारण समज आहे. त्याची मर्यादा साध्या गणिताने स्पष्ट होते. १ लिटर व्हिनेगरमध्ये सुमारे ५० ग्रॅम असेटिक आम्ल असते. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळविण्यास १२० ग्रॅम आम्ल लागते. अर्थात १ लिटर व्हिनेगर फार तर ४२ ग्रॅम पुट विरघळवील. टाकीत १ किलोग्रॅम गाळ साठला असेल, तर २४ लिटर व्हिनेगर लागेल, आणि ते ६ गॅलनच्या टाकीत मावणारही नाही. यावरून सुटा गाळ पाण्याच्या जोरानेच बाहेर काढला पाहिजे, आणि आम्लाचा उपयोग चिकटून राहिलेल्या थरापुरताच करावा, हे सिद्ध होते.

प्रथम गॅस व वीज बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे. नंतर पाण्याचा पुरवठा बंद करून गरम पाण्याची तोटी उघडावी व दाब उतरल्यावरच तळाचे बूच काढावे. तप्त व दाबाखालील टाकीचे बूच काढल्यास गंभीर भाजण्याचा धोका असतो. त्यानंतर लांब नळीच्या फवाऱ्याने गाळ धुऊन काढावा.

आम्ल घालण्यापूर्वी टाकीचा धातू ओळखणे अगत्याचे आहे. काचेचे अस्तर असलेल्या पोलादी टाकीत बुचाला मॅग्नेशियमची दांडी जोडलेली असते. ती स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करते. हे तत्त्व हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी योजिले होते. आम्लात ही दांडी विरघळून हायड्रोजन निर्माण होतो, म्हणून तेवढ्यापुरते साधे बूच लावावे. ॲल्युमिनियमच्या टाकीत अशी दांडी नसते. परंतु हायड्रोक्लोरिक आम्ल व तीव्र अल्कली हे दोन्ही तिला खातात. सबब सौम्य आम्लच इष्ट होय.

१ लिटर व्हिनेगरच्या पूर्ण क्रियेतून सुमारे १० लिटर कार्बन डायऑक्साइड निघू शकतो. यासाठी क्रिया चालू असताना सुरक्षा-झडप उघडी ठेवणे आवश्यक आहे. जंतुनाशक म्हणून वापरलेल्या ब्लीचचा अंश टाकीत असता कामा नये. आम्लाच्या संयोगाने त्यातून विषारी क्लोरीन मुक्त होतो. काही तासांनी टाकी स्वच्छ धुऊन दांडी परत बसवावी, ती बरीच झिजली असल्यास बदलावी, आणि झडप बंद करावी. गरम पाण्याच्या तोटीतून अखंड धार येईपर्यंत तापक सुरू करू नये, कारण कोरड्या टाकीत कांडी क्षणार्धात जळते.

सारांश, आधी धावन, मग धातूची ओळख आणि शेवटी आम्ल, हा क्रम पाळल्यास पुट निघते आणि टाकीही सुरक्षित राहते.