ग्रेगसाहेबांचा गोलंदाज

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत क्रिकेट खेळणारा लष्करी अधिकारी 'हौशी' म्हणवला जाई. जॉन ग्लेनी ग्रेग हा त्यातला अव्वल. १८७१ मध्ये महूला जन्मला, हिंदुस्थानी फौजेत अधिकारी झाला, १९०१ मध्ये हॅम्पशायरकडून लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या आणि उतारवयात, १९३५ मध्ये, चक्क कॅथलिक धर्मगुरू झाला. पण त्याची बॅट कोणाच्या मेहनतीवर तळपली, हे शोधू गेलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणशी नातं लागतं.

ग्रेगला चेंडू टाकणाऱ्या बाळू पालवणकरांचं घराणं मूळचं तिथलं, चर्मकार. वडील लष्करात नोकरीला. कोकणातल्या कितीतरी अस्पृश्य घरांना पहिला रोख पगार पलटणीनं दिला. दापोलीच्या कॅम्पात तर पेन्शनरांची वस्तीच होती. पुढे ही वाटही खुंटली: १८९० नंतर महारांची भरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी म्हणून दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला. दाद लागली नाही.

बाळूंचा जन्म धारवाडचा, वाढ पुण्याची. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर भावंडं खेळ शिकली. आधी पारशी क्लबात महिना ३ रुपये, मग गोऱ्यांच्या क्लबात ४. रोलर फिरवायचा, नेट बांधायचं, खेळपट्टी राखायची आणि साहेबांना चेंडू टाकायचे. ग्रेग तिथे इतरांच्या आधी येऊन सराव करी. बाळूंचा डावखुरा फिरकी चेंडू त्याला चकवायचा. बाद केलं की ग्रेग आठ आणे देई, असं सांगतात; म्हणजे जवळपास चार दिवसांचा पगार! तासन्‌तास चेंडू टाकले, पण बॅट हाती कधी मिळाली नाही. बॅट साहेबांची. माझ्या मते 'हौशी' खेळाचा सगळा हिशेब या नेटमध्ये उघडा पडतो: एकाला फुरसत होती, दुसऱ्याचं पोट त्यावर होतं.

पुण्याच्या हिंदू संघानं बाळूंना घेतलं खरं, पण चहाच्या वेळी ते बाहेर उभे, हातात मातीचं भांडं. बाकीचे आत, चिनीमातीच्या कपांसह. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू मात्र सगळ्यांना चाले. न्यायमूर्ती रानड्यांनी याबद्दल जाहीर कान उपटले.

१८९६ च्या प्लेगमुळे पालवणकर मुंबईत आले. १९०६ मध्ये तिथल्या हिंदू संघानं युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढं करूनही कर्णधारपद त्यांच्याकडे आलं नाही. तो मान १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला, आणि हिंदूंनी त्या वर्षीची हिंदू, पारशी, मुस्लिम व युरोपियन संघांमधली चौरंगी स्पर्धा जिंकली.