एक्सएमएल कोठारांची वेगपरीक्षा

गिरणीच्या साचेखात्यात हातात घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आजचा विषय परका वाटण्याचे कारण नाही. असा माणूस आला की आमच्यातली जुनी मंडळी विचारीत : मोजणीसाठी कामगार कोणता निवडला, सूत कोणते दिले, आणि मोजणी चालली किती वेळ? निवडक विणकर, चांगले सूत आणि सकाळचा पहिला तास धरून काढलेला आकडा खोटा नसतो. मात्र तो त्या खात्याचा आकडा नसतो.

काही वर्षांपूर्वी एका आस्थापनेतील नोंदणी कारकून आमच्याकडे आले. तेथे कागदपत्रे साठवण्याची नवी संगणकयंत्रणा बसली होती. सेकंदाला इतकी कागदपत्रे, असा आकडा विक्रेत्याच्या पत्रकात होता व त्यावरून माणशी रोजचा कोटा ठरला होता. कोटा पुरा होईना, पगार कापला जाई. यंत्र वेगवान आहे, तुमचे हातच मंद, असे उत्तर मिळे. आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. पण पत्रक मागवले आणि शब्दकोश घेऊन बसलो.

प्रथम एक्सएमएल म्हणजे काय ते पाहू. कागदावरच्या प्रत्येक मजकुराला आपण काय आहोत हे सांगणारी खूण आधी व नंतर लावायची, <नाव> … </नाव> अशी, आणि खुणांच्या पोटात खुणा ठेवीत जायचे, ही ती पद्धत. १९९८ च्या फेब्रुवारीत तिला प्रमाणरूप मिळाले. खुणा मराठीतही चालतात. आपण संगणकावर टंकलेले वर्डचे पत्र, त्याच्या नावाशेवटी ‘डॉक्स’ असेल तर, आतून एक्सएमएलच असते.

जुन्या पद्धतीचे डेटाबेस हजेरीपटासारखे असतात : ठरलेले रकाने, ठरलेल्या ओळी. एक्सएमएल कागद झाडासारखा असतो. एका कामगाराच्या नोंदीत तीन मुले असतील, दुसऱ्याच्या नोंदीत ती फांदीच नसेल. शिवाय क्रमाला अर्थ असतो. आधी कोण बोलला आणि नंतर कोण, हे पुसून चालत नाही. म्हणून हजेरीपटासाठी केलेली परीक्षा या कोठारांना लागू पडेना.

नवी परीक्षा आम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत, इतरांच्या सहकार्याने, २००१ च्या सुमारास तयार झाली. तिचे नाव एक्समार्क. तिच्यासाठी एक काल्पनिक लिलावगृह रचले : विक्रीच्या वस्तू, माणसे, चालू लिलाव, संपलेले लिलाव. हा सारा कागद एक छोटा कार्यक्रम तयार करतो. माप एक धरले तर तो सुमारे १०० मेगाबाइटचा होतो. हवा तर दसपट करा. वस्तूंच्या वर्णनासाठी शब्द घेतले ते शेक्सपिअरच्या नाटकांत वारंवार येणारे! गंमत वाटेल, पण खरी खुबी पुढे आहे. तेच माप दिले की कोणत्याही यंत्रावर अक्षरशः तोच कागद निघतो. सर्वांना एकच सूत, आणि तेही उघड.

त्या कागदाला वीस प्रश्न विचारायचे. पहिला अगदी सोपा : अमुक क्रमांकाच्या माणसाचे नाव काय? चौथ्यात, एका माणसाने दुसऱ्याच्या आधी बोली लावली असे लिलाव कोणते, हे शोधताना क्रमाची परीक्षा होते. आठव्यात प्रत्येक माणसाने किती वस्तू घेतल्या हे जुळवताना कागदाचे दोन दूरचे भाग जोडावे लागतात, आणि अनेक यंत्रणांचा दम तेथेच लागतो. चौदाव्यात वर्णनात ‘सोने’ या अर्थाचा इंग्रजी शब्द असलेल्या वस्तू हुडकायच्या. सतरावा आम्हांस फार आवडतो : कोणाच्या नोंदीत संकेतस्थळाचा पत्ताच नाही? नसलेली गोष्ट शोधणे किती कठीण, हे कामगाराच्या सेवापुस्तकात गाळलेली वर्षे शोधणाऱ्याला विचारा! विसांचा वेळ वेगवेगळा मांडता येतो, म्हणून एखादी यंत्रणा कोठे पळते आणि कोठे अडखळते ते दिसते. एकच सरासरी आकडा हे झाकून टाकतो.

परंतु एक्समार्कच्या प्रश्नांत कागद फक्त वाचला जातो. नवे काही लिहिले जात नाही. एकच माणूस, एकच मोठा कागद. कचेरीचे काम असे नसते. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाच्या एक्समॅच-१ ने अनेकांनी एकाच वेळी केलेले वाचन व बदल मोजले. पुढे आयबीएम व इंटेल यांच्या टीपॉक्सने, २००७ च्या सुमारास, शेअरव्यवहारांचे लहान लहान असंख्य कागद घेतले आणि शंभरांत सत्तर कामे वाचनाची, तीस लिहिण्याची, असे मिश्रण ठेवले. लिहिणे महाग पडते. नवा कागद आला की त्याच्या खुणा तपासायच्या, झाड उभे करायचे, प्रत्येक सूचीत नोंद घालायची, रोजनाम्यात ती पक्की करायची, आणि तोवर शेजारचा थांबून राहायचा.

आता आमचे पत्रक. आकड्याखाली बारीक अक्षरांत होते : केवळ वाचन, एक वापरकर्ता. आमचे कारकून दिवसभर लिहिण्याचे काम करीत होते, आणि तेही चाळीस जण एकाच वेळी!

आम्ही व्यवस्थापनाला म्हटले, मोजणीला आमचा विरोध नाही. आमच्याच कागदांवर, चाळीस जण बसलेले असताना, पुरा दिवस मोजा. निकाल दोन्ही बाजूंना दाखवा, ही अट घातली. ती घालण्याला कारण होते. १९८३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डेविट व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेटाबेसांच्या वेगाचे आकडे छापले, तेव्हा संतापलेल्या एका मोठ्या कंपनीने परवानगीवाचून असे निकाल प्रसिद्ध करायला आपल्या परवानापत्रातच बंदी घातली. तशी कलमे अजूनही पुष्कळ करारांत आढळतात.

मोजणी झाली. दुपारी अकरा ते एक या वेळात ‘जतन करा’ ही कळ दाबल्यावर माणसे पडद्याकडे नुसती पाहत बसत होती, आणि तो वेळ प्रथमच कागदावर आला. कोटा उतरला. कापलेल्या पगारापैकी दोन महिन्यांचा परत मिळाला. उरलेल्यासाठी अर्ज पडून आहे.