उच्च तांत्रिक संशोधन : शेलूच्या विद्यार्थ्यांना संधी

मध्य रेल्वेच्या ज्या मार्गावर कर्जत तालुक्यातील शेलू वसले आहे, त्याच मार्गावर यंत्र अभियांत्रिकीतील संशोधनाच्या दोन संस्था आहेत. माटुंगा येथील, १८८७ साली स्थापन झालेली वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आणि कांजूरमार्गनजीक पवई येथे १९५८ पासूनची भारतीय तंत्रज्ञान संस्था. धातूंचे ओतकाम, कर्तन, जोडकाम हे तेथील अभ्यासविषय होत.

आर्थिक ओढीमुळे अनेक होतकरू विद्यार्थी पदवीनंतर शिक्षण सोडतात. तथापि, ‘गेट’ परीक्षेद्वारे प्रवेश मिळविणाऱ्या एम. टेक.च्या पात्र विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. पीएच. डी.साठी केंद्र शासनाच्या कनिष्ठ शिष्यवृत्तीचा दर २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. ‘गेट’चे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. ही माहिती शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांपर्यंत वेळीच पोचविणे अगत्याचे आहे.