चाळिशीच्या अलीकडचा हात

दिव्यांग प्रमाणपत्राच्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी किनवटची माणसं पहाटेच घर सोडतात. नांदेड दीडशे किलोमीटरच्या आसपास, शिवाय रांग लवकर धरायची असते. दिव्यांग तपासणीच्या टेबलाशी फिजिओथेरपिस्ट म्हणून मी बरीच वर्षं उभा राहिलोय. पायाची तपासणी लवकर उरकते. हाताची लांबते, आणि खरी पात्र माणसं तिथंच अडकतात.

अपंगत्व किती टक्के धरायचं, याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना 2001 च्या. पुढं 2018 आणि 2024 मध्ये त्या सुधारल्या. त्यांत पंजाचा हिशेब वेगळा: पकडीचे 30, संवेदनेचे 30, ताकदीचे 30. उरलेल्या हातासाठी सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद तपासतात, आणि दहा कामं करून दाखवायला लावतात. प्रत्येक कामाला 9 टक्के. हातानं जेवणं, वेणी घालणं, सदरा चढवणं, गुंडी लावणं, पेल्यानं पाणी पिणं, नाडा बांधणं, लिहिणं, अशी ती कामं. ज्यानं कुणी ही यादी केली त्याला आपल्या घरातलं जगणं ठाऊक होतं, एवढं मी मोकळेपणानं मान्य करतो.

जिनिंगमध्ये हात सापडलेला एक गडी आला होता. बोटं आखडलेली, कोपर सरळ होत नव्हतं. "नाडा बांधून दाखवा," म्हटल्यावर त्यानं एक टोक दातात धरलं, दुसरं चांगल्या हातानं ओढलं आणि पक्की गाठ मारली. चेहऱ्यावर अभिमान होता. कागदावर 'जमतं' अशी खूण झाली आणि 9 टक्के गेले. ती गाठ शिकायला त्याला किती दिवस लागले असतील, हे लिहायला रकाना नाही. तेव्हापासून आत येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, "घरी करता तसंच करा, आणि दातानं करत असाल तर तोंडानं सांगा." यात कुणाला खोटं शिकवणं नाही. आपल्याकडचा माणूस परक्यासमोर लाचार दिसू नये म्हणून जीव तोडून धडपडतो. बायका तर पंजा पदराखालीच ठेवतात.

कामाचा हात अधू असेल तर 4 टक्के वाढवून मिळतात. एका मावशींना डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, जेवता कोणत्या हातानं?"

"उजव्या, सायेब."

अधू हात डावा होता. पान उलटायच्या आत मी विचारलं, "खुरपं कोणत्या हातात धरत होता?"

"डाव्याच की! जेवायला तेवढा मायनं उजवा लावला."

डॉक्टरांनी लगेच नोंद बदलली. त्या मावशी 40 टक्क्यांच्या काठावरच होत्या, म्हणून ते 4 टक्के फार मोलाचे ठरले. संजय गांधी निराधार योजना असो की एसटीची सवलत, दार 40 टक्क्यांनाच उघडतं.

बेरजेवरून तर हमखास वाद होतो. हाताचे 30 आणि पंजाचे 30 मिळून 60 व्हायला हवेत, असं कुणालाही वाटणार. पण सूत्र वेगळं आहे. पहिला आकडा नव्वदातून वजा करायचा, उरलेल्याला दुसऱ्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि जे येईल ते पहिल्यात मिळवायचं. उत्तर 50 येतं. मुलाची फाइल घेऊन आलेल्या एका बापाला हे मी व्हरांड्यात कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा कुठं 'आमचे दहा टक्के खाल्ले' हा त्यांचा राग शांत झाला. हे समजावणं बोर्डाचंच काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

तुटलेल्या हातांचा तक्ता मात्र मला आजही पटत नाही. पंजा मनगटातून गेला तर 60, हात कोपरातून गेला तर 75. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनला 80 लागतात, म्हणजे कोपरापासून हात गेलेला मजूर तिथं बसत नाही. अंगठा मुळापासून गेला तर 30. मळणी यंत्रात असा अंगठा गेलेल्या एकानं मला विचारलं, "बिनअंगठ्याचा कापूस कसा वेचू?" बोंडातून कापूस चिमटीनं ओढावा लागतो, आणि अंगठ्याविना चिमूट होत नाही. पण वेचणी त्या दहा कामांत नाही, खुरपणीही नाही. ही दोन्ही यादीत यावीत, असं मी बोर्डातल्या डॉक्टरांना सांगत आलोय. त्यांना ते पटतं. पण रकाना दिल्लीहून यावा लागतो, आणि तोवर त्यांना छापील यादीवरच खूण करावी लागते.